मेहुण्यांची खरखर

३ मार्च
संकल्प : आजपासून जगाशी बोलायचं! जुना वायरलेस सेट कॉम्प्युटरमार्फत इंटरनेटला जोडला. गच्चीवरच्या अँटेनाचे नखरे संपले. जगातला कुठलाही हौशी रेडिओवाला आता हाकेच्या अंतरावर. पहिली हाक अर्थातच मेहुण्यांना. हा नाद त्यांनीच लावला. हल्ली परदेशात मुलाकडे असतात. घशाचं ऑपरेशन झालंय म्हणे. किरकोळ असणार.

५ मार्च
लिंक लागली! मेहुण्यांचं स्टेशन स्क्रीनवर हिरवं. भरपूर बोललो. पलीकडून शब्द नाही, नुसती खरखर. बायको म्हणाली, अहो, दादाचा आवाज कायमचा गेलाय, वहिनी रडत सांगत होती. म्हटलं, वहिनींना राईचा पर्वत करायची सवय आहे. दोष राउटरचा.

९ मार्च
राउटर बदलला. तीच खरखर. माझ्या गुडघ्याचं सांगितलं की एकदाच खर्र. त्यांची जुनी फजिती काढली की तीन-चारदा. विचित्र बिघाड आहे. उद्या फिल्टर बसवतो.

१० मार्च
सर्दी. फिल्टर राहिला.

१२ मार्च, दुपार
बँकेतून आलो तर बायको माझ्या खुर्चीत, माइक हातात! लायसन्स नसताना! मला बघून बघून शिकली म्हणे. विचारत होती, दादा, जेवलास का? हो असेल तर माइकचं बटण एकदा दाब, नाही तर दोनदा. खर्र. फार दुखतं का रे? खर्र. तिनं तोंडावर हात धरला. जरा वेळानं विचारलं, अजून मला भोपळी म्हणशील? खर्रखर्रखर्रखर्र. हसतोय, म्हणाली, आणि स्वतःही हसली.
मला हे आधीच कळलं होतं. खात्री करत होतो.

१३ मार्च
एकदा दाब, दोनदा दाब, हा पोरखेळ झाला. मी शास्त्रशुद्ध पद्धत काढणार. अख्खी बाराखडी, खरखरीत! मोर्स कोड आहेच, पण जुनाट. शिवाय माझा कच्चा. तोवर लिंक बंद. मेहुण्यांना चुकीची सवय नको. बायको म्हणाली, रोज थोडं तरी बोलू द्या ना. म्हटलं, धीर धर, आठवडाभरात तुझा दादा भाषणं ठोकेल.

२० मार्च
अनुस्वारावर अडलोय.

२४ मार्च
जोडाक्षरं बाकी. बायको रोज तेच विचारते. आज आवाज चढवावा लागला.

२७ मार्च
सकाळी वहिनींचा फोन. मेहुणे गेले. रोज सेटपाशी बसायचे म्हणाल्या. आमचं स्टेशन दिसत नाही म्हणून मुलाला खुणा करून त्यांचा राउटर बदलायला लावला होता.
बायको रडली नाही. फोन ठेवून तशीच उभी राहिली. मी म्हटलं, पद्धत होत आली होती गं.
म्हणाली, चाललं होतं की हो आमचं.