ब्रिगेडियरची ताई

सिडको, नाशिक

प्रिय भारत,

मेजर जनरलची जागा देऊ करताहेत असं तू परवा फोनवर सांगितलंस, तेव्हा मी नुसतं "छान झालं" म्हटलं आणि अण्णांचे कपडे बदलायचेत म्हणून फोन ठेवला. तुला ते कोरडं वाटलं असेल. आनंद झालाच रे, पण हल्ली आनंद व्हायलाही अंगात थोडी ताकद लागते. आज दुपारी अण्णा झोपलेत, त्यांच्याकडे बघणाऱ्या रंगूबाई संध्याकाळपर्यंत आहेत, म्हणून सावकाश लिहायला बसले.

एकाहत्तरच्या लढाईनंतर वर्षभरात तू झालास. अण्णा तेव्हा ओझरच्या विमान कारखान्यात फिटर. आपल्या हाताखालून गेलेलं विमान लढाईत उडालं, या तोऱ्यात त्यांनी तुझं नाव भारत ठेवलं. तू फौजेत जायचंस हे तुझ्याआधी त्यांनीच ठरवलेलं. भोपाळच्या लष्करी निवडीतून तू दोनदा नापास होऊन परत आलास. दुसऱ्या वेळी मी नाशिकरोडला तुला घ्यायला आले, तर तू बॅग खाली न ठेवताच म्हणालास, "ताई, अण्णांना तूच सांग." मी सांगितलं. तेव्हापासून या घरातले अवघड निरोप माझ्याकडे लागले ते लागलेच.

पुढे तू शिकायला इंग्लंडला गेलास आणि काही वर्षांनी कळवलंस की तिथल्याच सैन्यात अधिकारी म्हणून निवड झाली. तोही निरोप मीच दिला. अण्णा जेवत होते. "माझा बाप बेचाळीसला ज्यांच्या तुरुंगात होता, त्यांचा पट्टा हा कमरेला बांधणार?" एवढं म्हणाले आणि ताटावरून उठले. त्यानंतर तुझा फोन आला की ते गच्चीवर जायचे.

तू बोस्नियात पूल बांधलेस, बसऱ्याला होतास, मेजर झालास, कर्नल झालास, ब्रिगेडियर झालास. प्रत्येक बढतीला आई शेजारी पेढे द्यायची आणि सैन्य कुठलं ते मोघम ठेवायची. अण्णा काही विचारायचे नाहीत. पण सकाळी रेडिओवर इंग्रजी बातम्या लावून बसायचे. निम्म्या त्यांना कळायच्या नाहीत. अफगाणिस्तानात तुझ्या ताफ्यातली गाडी सुरुंगावर गेली, तेव्हा माझ्या भावजयीचा, केटचा, रडत फोन आला की तुझा पत्ता लागत नाही. अण्णांनी फोनजवळची खुर्ची सोडली नाही. शेवटी तू फोन केलास, तो त्यांनीच उचलला. "जेवलास का?" एवढं विचारून रिसीव्हर माझ्या हातात दिला. मिळालेल्या सगळ्या पदकांहून ते मोठं, असं तू नंतर म्हणाला होतास. तुला माहीत नाही ते सांगते: फोन दिल्यावर ते न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून बराच वेळ आतच बसले.

आता त्यांच्या डोक्यात सगळं सरमिसळ झालंय. तुझा गणवेशातला फोटो पलंगासमोर लावलाय. तुझ्या खांद्यावरचा मुकुट त्यांना आपल्या फौजेचा सिंह दिसतो. मुलगा देवळालीला तोफखान्यात ब्रिगेडियर आहे, असं ते सगळ्यांना सांगतात. फिजिओथेरपीला येणाऱ्या साक्षीलाही सांगितलं. ती पोरगी बिचारी हो म्हणते. मीही खोडून काढत नाही. इतक्या वर्षांनी ते तुझ्यावर खूश आहेत, ते मी कशाला मोडू? पण भारत, देवळाली इथून किती लांब? रिक्षानेही माणूस येतो. मग दर रविवारी ते मला म्हणतात, "दाढी करून दे, भारत येईल." मी करून देते. तिन्हीसांजेला विचारतात, "का नाही आला?" मग मी तुझा सराव काढते, कधी मोठ्या साहेबांची भेट काढते. तुझी इतकी कामं तुझ्या वरिष्ठांनीसुद्धा काढली नसतील.

आई गेल्यावर तू म्हणालास, पुढची बदली झाली की अण्णांचं बघू. मग म्हणालास, निवृत्त झालो की नाशिकलाच येतो. तू खोटं बोलत नव्हतास, ते मला ठाऊक आहे. तुझं काम मोठं होतं आणि ते तू चांगलं केलंस. मी शाळेतून निवृत्त झाले त्या दिवशी हारतुरे घेऊन घरी आले, हार दाराच्या कडीला अडकवला आणि अण्णांची चादर धुवायला टाकली. तक्रार नाही ही. फक्त दमले आहे, आणि झोपून जाईल असा हा थकवा नाही.

आमच्या शाळेत गणित शिकवणारे भिका आहेर सर तुला आठवत असतील. बायको गेल्यावर ते देवळा गावी आपल्या घरी राहायला गेले. कांद्याच्या गाडीबरोबर नाशिकला आले की डोकावतात. चहा पितात, मी गप्प बसले तर तेही गप्प बसतात. मागच्या महिन्यात त्यांनी विचारलं आणि मी हो म्हटलं. या वयात मी त्याला मोठी नावं देत नाही. आपल्याला कोणी चहा करून दिला की कसं वाटतं, ते मी विसरले होते.

तुळशीचं लग्न झालं की आम्ही नोंदणी करणार आहोत आणि मी देवळ्याला जाणार आहे. सर म्हणाले, अण्णांनाही घेऊन चला. मी नको म्हटलं. तसं केलं तर माझा फक्त पत्ता बदलेल. दर आठवड्याला मी इथे येईन, त्यांच्याजवळ बसेन, पण लेक म्हणून. बाकीचं तू बघायचंस. स्वतः ये, चोवीस तास माणूस ठेव, काय ते तुझं तू ठरव. परवा तू म्हणालास, "ताई, तू आहेस म्हणूनच मी या नेमणुकीला हो म्हणू शकतो." ते वाक्य दोन दिवस माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र. हो म्हण किंवा नाही म्हण, मला दोन्हीचा अभिमानच वाटेल. पण माझ्या जिवावर हो म्हणू नकोस. आणि मी चाललेय, हा निरोप अण्णांना या वेळी तू सांग.

अजूनही तुझीच,
मीनाताई