मेघनेत तुरटी

२ श्रावण.
रात्रीत काठ सरकला. मेघना नदी आणि जोहराची कबर यांच्यात सुपारीची दोनच झाडं उरली. लेकीचा, लुत्फाचा, बरिशालहून फोन. म्हणाली, अब्बा, इमामसाहेबांची परवानगी आहे. नदी पोचायच्या आत अम्मीला इकडे उंचावर आणू. म्हटलं, गरज नाही. उपाय सापडलाय.

५ श्रावण.
जोहरा मडक्यातल्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची. मातीचे कण एकेकटे वाहत राहतात. तुरटीने एकमेकांना बिलगले की जड होऊन तळाशी बसतात. काठाशी असा गाळ बसवला की काठ शाबूत. नदी म्हणजे मोठं मडकंच. ही उपमा सातवीच्या मुलांना आवडली असती. एक्क्याऐंशीव्या वर्षी पहिला शोध.

९ श्रावण.
तुरटीचं पोतं आणलं. नावाडी मोतालेब म्हणाला, मास्टरसाहेब, दाढी कोणाची, अख्ख्या जिल्ह्याची? लक्ष दिलं नाही. काठाशी पाण्यात बांबूचं कुंपण घालून आत तुरटी ओतली.

१० श्रावण.
कुंपणाआत पाणी नितळ. लुत्फाला कळवलं, यश आलं, कबर उकरणारी माणसं पाठवू नकोस.

१४ श्रावण.
काठी खुपसून पाहिली. बसलेला गाळ पातळ खिरीसारखा, तळातळाने उतारावरून खोल पात्राकडे सरकतोय. वर नितळ पाणी, खाली मातीची दुसरीच नदी. फार काव्यमय. लुत्फाला सांगितलं नाही.

२१ श्रावण.
एक सुपारी गेली. लुत्फा फोनवर रडली. म्हणाली, मला अम्मी हवीय, तुमचा प्रयोग नकोय. म्हटलं, दुसरं पोतं सोमवारी येतंय. ढ मुलांनाही वेळ द्यावा लागतो.

२३ श्रावण, दुपार.
दुसरी सुपारी. मग कबर. जेवत होतो. आवाज फारसा झाला नाही. ताटात भात होता, तो संपवला.

२४ श्रावण.
पोतं आलं. ओसरीत ठेवलंय.

६ आश्विन.
पाणी उतरलं. समोर गाळाचं नवं बेट वर आलंय. म्हणजे प्रयोग चुकला नव्हता, जागा थोडी बदलली. लुत्फाला कळवलं. तिने फोन ठेवला.
मोतालेबला म्हटलं, तिकडे सोड, जोहराला भेटून येतो. त्याने वल्हं आडवं ठेवलं. मग म्हणाला, पाय ठेवलात तर कमरेपर्यंत जाल, मास्टरसाहेब. माती घट्ट व्हायला सात-आठ वर्षं तरी लागतील.
म्हटलं, थांबतो. घाई नाही.