अण्णा, माझी परीक्षा नव्हती

प्रिय अण्णा,

तू होतास तेव्हा तुला एकही पत्र लिहिलं नाही. तुला अक्षर येत नव्हतं. मुडबीत कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं आणि आपल्या दोघांतलं गावभर झालं असतं. आता तुला कुणाकडं जावं लागणार नाही, म्हणून लिहितो.

आजच लिहायचं कारण अप्पा. तू गेल्यावरची ही पहिली पेरणी, रब्बीची. तिफणीच्या चाड्यावर मूठ धरून बी सोडायचं ते घरच्या थोरल्या लेकानं, म्हणजे तू. सकाळी मी पुढं झालो, तर अप्पांनी माझा हात बाजूला सारला आणि बियाण्याची ओटी स्वतःच्या कमरेला बांधली.

"तू गुलबर्ग्याला जा," म्हणाले. "परीक्षा ऱ्हायलीय तुजी. त्यो जाताना तेवढंच बोलून गेला."

त्यांचा हात कापतो, अण्णा. बी कुठं दाट पडत होतं, कुठं पडतच नव्हतं. आणि हे सगळं अशा परीक्षेसाठी, जी नव्हतीच. ते घरात दोघांनाच ठाऊक होतं. त्यातला एक तू.

अप्पा बाजारातून एकच तागा आणायचे, आठवतं? तुझी बंडी आणि माझी बंडी एकाच कापडाची. पाठमोरे दिसलो की लोक तुला माझ्या नावानं हाक मारायचे. जेवताना अप्पांनी मला काही विचारलं, तर उत्तर तू द्यायचास. "चालतंय त्याला." मला ते बरंच वाटायचं. उत्तर चुकेल याची मला लहानपणापासून धास्ती.

मग कॉलेज आलं. तिथं शेरवानी घालूनच बसावं लागतं म्हणून वसतिगृहाजवळच्या खाजाचाचा शिंप्याकडं गेलो. त्यानं कापडं पुढं टाकली.

"कौनसा रंग होना तुमकू?"

मला सांगता येईना. अण्णाला विचारून सांगतो, म्हणालो.

"शेरवानी भाई पेनता, या तुम?"

दुकानातले सगळे हसले. मी एकेक कापड उलटून बघितलं. शेवटी निळ्यावर बोट ठेवलं. मला निळा रंग आवडतो, हे मला त्या दिवशी कळलं. एवढी साधी गोष्ट कळायला कॉलेजात जावं लागावं का रे?

त्यानंतर एकेक कळत गेलं. मला भाकरीपेक्षा भात आवडतो. वैनीच्या भाकरीला नाव ठेवत नाही, पण आवडतो. गर्दीपेक्षा एका माणसाशी बोलणं आवडतं. कॉलेजात उर्दूतून शिकवायचे तो इतिहास मला तोंडपाठ व्हायचा, पण दुसऱ्या दिवशी त्यातलं काही मनात उरायचं नाही. शेरवानी आणायला गेलो, तेव्हा चाचा काज करत होता. ते बघत बसलो आणि दिवस मावळला. दुसऱ्या दिवशी परत गेलो. सुई हातात आली की माझी धास्ती जायची. काज वाकडं आलं तर उसवून पुन्हा घालता येतं. वर्गात चुकलेलं उत्तर कुठं परत घेता येतं? हळूहळू कॉलेज सुटलं.

तू ज्वारीचं पोतं घेऊन गुलबर्ग्याला आलास, तेव्हा मी दुकानात मांडीवर कापड घेऊन बसलो होतो.

"कामून रं, कालेज बंद हाय?"

"न्हाई."

"मंग हितं काय करायलास?"

"काज."

वाटलं, आता मारशील. तू पटका काढून शेजारी बसलास आणि म्हणालास, "घे मंग माजं माप."

तुला शर्ट शिवला तो शेरवानीसारखा, बगलेत घट्ट. तेवढंच तर शिकलो होतो. मृगात तू तो घालून पेरायला गेलास, मूठ चाड्यावर नेलीस आणि बगल उसवली. पुढच्या खेपेला हसतच आलास. "तुज्या कपड्यात मानूस उबा ऱ्हातोय, पेरत न्हाई." मी बगलेत जादा कापडाची कळी घातली, तेव्हा कुठं तुझा हात मोकळा वर गेला.

अप्पांना मीच सांगतो, म्हणाला होतास. मार्गशीर्षातल्या अवसेला, येळवशीला, शेतात सगळे जेवतात, तेव्हा ते खुशीत असतात म्हणून. येळवस अजून लांब आहे, अण्णा.

श्रावणात तुला ताप आला. अप्पा गाडी जुंपून मला आणायला निघाले होते, हे वैनीनं नंतर सांगितलं. तू म्हणालास, "बोलवू नगा. परीक्षा चालू हाय त्याची." कामून, अण्णा? अप्पा थेट दुकानात येतील, एवढ्यासाठी? माझी बाजू राखायला तू मला तुझं तोंडसुद्धा बघू दिलं नाहीस. तू जात होतास आणि मी कुणाच्या तरी कोटाला बटणं लावत होतो. याचा मला राग येतो. तो कुणावर काढू?

आज दुपारी बैल सोडल्यावर मी बांधावर अप्पांजवळ बसलो आणि सगळं सांगितलं. त्यांचा भाकरी मोडता हात थांबला.

"त्याला ठावं हुतं?"

"व्हय."

"आन् मला तुमी दोगं बी..." मोडलेला तुकडा त्यांनी परत भाकरीवर ठेवला. मग म्हणाले, "शिंपी हुनार म्हन. कुनब्याचं पोर."

"व्हय अप्पा. मला त्येच आवडतंय."

मी उत्तर बदललं नाही.

त्यांनी हात धुतले, कमरेची ओटी सोडली आणि माझ्यापुढं टाकली. माफ केलं असं नाही. माझ्याकडं बघितलंही नाही. "तासं सरळ घाल," एवढंच म्हणाले. दिवस मावळेपर्यंत मी पेरलं. तिफणीमागची तासं वाकडीच आली. ते मागून चालत होते.

अण्णा, ही पेरणी मी शेवटची ओळ पडेपर्यंत करीन. मग गुलबर्ग्याला जाईन, आणि अप्पा बोलोत न बोलोत, जायचा दिवस त्यांना आधी सांगून जाईन. पेरणीला येईन, काढणीला येईन. धाकटा काय करतो असं गावात कुणी विचारलं, तर मी स्वतः सांगीन. माझ्यासाठी आता घरात कुणाला खोटं बोलावं लागणार नाही.

तुझा धाकटा,
माणिक