डिझेल इंजिनाची तुमच्याकडची बाजू

परतूरच्या आउटर सिग्नलजवळ, लाइनीच्या दक्षिणेस
दि. १२ फेब्रुवारी १९७९

तीर्थस्वरूप अण्णा यांस धाकटा भाऊ पुंजाराम याचा सविनय जयभीम.

प्रकृतीची चौकशी करायचा रिवाज आहे म्हणून करतो, एरवी गरज नाही. तुमचा उजवा गुडघा यंदाच्या थंडीत जास्त धरला आहे, हे तुम्ही सकाळी हरभऱ्यातून चक्कर मारता तेव्हा मला माझ्या ओट्यावरून दिसतं. सत्यशीला वहिनींचा खोकला वारं उत्तरेचं असलं की आमच्या चुलीपर्यंत ऐकू येतो (अडुळसा द्यावा). आमच्याकडचं क्षेमकुशल तुम्हालाही असंच कळत असणार. दोन घरांत दोनशे पावलं, मधे रेल्वेची लाइन. हे पत्र मात्र आधी परतूरच्या पोस्टात जाईल, तिथे शिक्का खाईल आणि परवा तोच पोस्टमन आमच्याच दारावरून सायकल रेटत तुमच्याकडे आणून देईल. न बोलणाऱ्या भावांसाठी सरकारनं एवढी सोय करून ठेवलेली असताना नऊ वर्षांत आपण तिचा एकदाही फायदा घेतला नाही.

पत्रास कारण काही नाही. मागायचंही काही नाही. फक्त एक गोष्ट तुम्हाला दुसऱ्याच्या तोंडून कळू नये, म्हणून स्वतः कळवतो. मी डिझेलचं इंजिन बांधलं आहे.

तुमच्या तातेरावानं जर्मनीहून दोन डबे पाठवले, एक तुमच्या घरी, एक माझ्या. पोरगा शहाणा आहे; बाप आणि काका एकमेकांचं तोंड बघत नाहीत म्हणून त्यानं कुणाच्या डब्यात एक वीट कमी घातली नाही. या विटा प्लास्टिकच्या, बोटाच्या पेराएवढ्या. वरून गाठी, खालून पोकळ, एकीवर एक दाबली की अशी बसते की उपटायला दात लागतात. डब्यावर ‘नातवंडांसाठी’ असं त्यानं लिहिलं होतं. माझी नातवंडं औरंगाबादेला, ती यायची मे महिन्यात. तोवर पत्र्याखालच्या उष्णतेनं विटा वाकड्या होतील अशी मला रास्त भीती वाटली आणि त्या तपासून बघाव्यात म्हणून मी डबा उघडला. (केशरला ही भीती पटली नाही. ती म्हणाली, “तपासा की. पण शाळा सुटल्यावर तपासा.”)

पहिले चार दिवस मी घर बांधलं. डब्यावरच्या चित्रातला जर्मन पोरगाही घरच बांधत होता. पाचव्या दिवशी संध्याकाळी पाचची गाडी नेहमीसारखी आउटरला सिग्नल न मिळाल्यानं उभी राहिली, बरोबर माझ्या ओट्यासमोर. आपल्या लाइनीवर नवीनच आलेलं ते तांबडं धूड, कमरेला पिवळा पट्टा, पोटात घरघर. मी हातातल्या घराकडे बघितलं आणि इंजिनाकडे बघितलं. घर मोडून टाकलं.

अण्णा, तुम्ही तीस वर्षं रेल्वेत गँगचे मुकादम होता. इंजिन खालून कसं दिसतं ते तुम्हाला माहीत. पण ते बांधायचं म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगण्याचा योग येईल असं वाटलं नव्हतं. हात लांब करून फूटपट्टी धरायची, एक डोळा मिटायचा, इंजिनाची लांबी पट्टीवर घ्यायची. मग उंची. मग खिडकी. त्याचं त्रैराशिक मांडायचं आणि एका गाठीला इंजिनाची किती बोटं येतात ते काढायचं. सातवीच्या पोरांना मी बावीस वर्षं त्रैराशिक शिकवलं. ते कुठे लागतं हे विचारायची त्यांची हिंमत झाली नाही, म्हणून बरं झालं. पुढचं छोटं नाकाड, मग ड्रायव्हरची खोली, मग मागचं लांब धड, त्याला झडपांची रांग. खाली तीन-तीन आसांचे दोन गाडे, म्हणजे चाकं बारा. डब्यात चाकं चार. बाकीची आठ माझ्या काळ्या कोटाची बटणं आहेत. (कोट आता उघडाच घालतो. हेडमास्तर म्हणाले, बरा दिसतो.) कठड्याला मोडक्या छत्रीच्या तारा लावल्या. बाकी सगळं विटांचं. एकही वीट तासली नाही, कुठे डिंक लावला नाही. वर चिमटीनं धरून उचललं तर अख्खं इंजिन उचलून येतं. आष्टीच्या बाजारातून माणसं वाट वाकडी करून बघायला आली आणि बघून गप्प बसली. आपल्या भागात एखादी गोष्ट बघून माणूस गप्प बसला तर त्याला काय म्हणायचं असतं, ते मी तुम्हाला सांगायला नको.

फक्त तांबड्या रंगाचा थोडा घोटाळा झाला. विटेचा तांबडा आणि इंजिनाचा तांबडा एकच आहे का, हे बघायचं होतं. वीट लहान, लांबून कळेना. डब्याचं झाकण त्याच रंगाचं आणि चांगलं हातभर. एका दुपारी मालगाडी येताना दिसली तसा मी लाइनीच्या कडेला गेलो आणि झाकण दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं, ऊन नीट पडावं म्हणून हलवलंही. लाइनीच्या कडेला तांबडं हलवलं की काय होतं, हे मुकादमाच्या सख्ख्या भावाला कळायला हवं होतं, हे मी मान्य करतो. गाडी करकरत थांबली. ड्रायव्हर उतरला, त्याचं नाव कडूबा. पार शेपटाकडून गार्ड चालत आला. रूळ तुटला का, म्हैस कापली का, विचारू लागले. मी म्हणालो, “रंग जुळवून राह्यलो होतो.” गार्डानं वहीत अकरा मिनिटं लिहिली. मला स्टेशनावर बोलावून माफीनामा घेतला आणि हमीपत्र घेतलं की यापुढे तिकीट असल्याखेरीज रेल्वेच्या हद्दीत येणार नाही, आलो तर फलाटावर उभा राहीन आणि रूळ ओलांडणार नाही. माफीनामा मी असा लिहिला की स्टेशन मास्तरांनी तो दोनदा वाचला. (रंग तंतोतंत जुळला.)

या प्रकरणातून कडूबाचा परिचय झाला. सुट्टीच्या दिवशी तो मुद्दाम इंजिन बघायला आला. गुडघे टेकून बसला, झडपा मोजल्या, खिडकीतून आत डोळा लावला. म्हणाला, “मास्तर, ही बाजू बिलकुल बराबर. आता दुसरी दाखवा.”

मी इंजिन फिरवलं.

“ही तर तीच हाय की.”

“मंग? दोन्हीकडून सारखंच असणार ना?”

“न्हाई हो. तिकडं येगळं असतंय.”

“कसं असतंय?”

“ते मला काय माहीत? मी ह्या बाजूनं चढतो, ह्याच बाजूनं उतरतो. तिकडून असिस्टंट चढतो. पण अशी न्हाई, एवढं नक्की.”

अण्णा, मला तेव्हा जे कळलं ते तुम्हाला तुमच्या नोकरीमुळे ठाऊक असेल. वाफेचं इंजिन शेवटच्या स्टेशनावर चक्रावर घालून फिरवायचे, म्हणून आपल्याला आज त्याचा डावा गाल दिसायचा, उद्या उजवा. डिझेलला फिरवत नाहीत. ते जाताना तोंडानं जातं आणि येताना पाठीनं येतं, पण माझ्याकडे कायम तीच कूस. दीड वर्ष मी रोज त्याच्याकडे बघतो आहे आणि मी अर्धंच इंजिन बघितलं आहे. दुसरं अर्धं रोज संध्याकाळी पाच वाजता तुमच्याकडे तोंड करून उभं असतं.

एरवी मी म्हटलं असतं, असू दे. इंजिन भिंतीला लावून ठेवलं की झालं. पुष्कळ मोठी माणसं तशीच ठेवलेली असतात. पण येत्या पंचवीस तारखेला तालुक्याचं शैक्षणिक साहित्याचं प्रदर्शन आहे, माझ्या इंजिनाचं नाव यादीत पहिलं आहे, आणि परीक्षक आहेत गिरिजाबाई. या बाई प्रत्येक वस्तू उचलून फिरवून बघतात. मागच्या वर्षी एका गुरुजींचा ज्वालामुखी त्यांनी फिरवला, तर मागून चुन्याचा डबा निघाला. ते गुरुजी अजून ‘चुनेवाले’ आहेत. बावीस वर्षं मी या तालुक्यातल्या मास्तरांना नावं ठेवत आलो. मला नाव ठेवायला ते किती आतुर आहेत, याची मला कल्पना आहे.

उपाय करून बघितले. फाटकापाशी पलीकडे जाऊन उभा राहिलो; तिथे गाडी वेगात असते, नुसती तांबडी रेघ दिसली. फलाटावरून माझीच बाजू दिसते आणि रूळ ओलांडायचे नाहीत, हे मी सुवाच्य अक्षरात लिहून दिलं आहे. गाडी उभी राहते ती आउटरला, आणि आउटरच्या पलीकडे जेवढं रान आहे तेवढं तुमचं. शेवटी एकदा जेवताना मी सहज मोठ्यानं म्हणालो, त्या बाजूला काय असतं कोण जाणे. केशर भाकरी थापता थापता म्हणाली, “तिकडं झडपा कमी हायत. अन् मधात एक जाळी हाय, आपल्या पिठाच्या चाळणीएवढी, पण चौकोनी.” मग तव्यावरची भाकरी करपली. ती रोज दुपारी कुठे जाते आणि पाचची गाडी गेल्यावरच का परतते, हे मी नऊ वर्षं विचारलेलं नाही. तेव्हाही विचारलं नाही. पण चाळणीएवढी म्हणजे किती गाठी, हे मी कसं काढावं?

माझं तोंड का बंद झालं, ते तुम्ही विसरला असाल, कारण चूक तुमच्या बाजूची होती. तुमच्या बेबीनंदाच्या लग्नात आहेराच्या वेळी सगळ्या पाहुण्यांना फेटे बांधले, तुमच्या साडूलाही बांधला, आणि मुलीच्या सख्ख्या काकाला टॉवेल-टोपी. मी भर मांडवात म्हणालो, तुमच्या रानात पुन्हा पाय ठेवणार नाही. तुम्ही म्हणालात, “बरं झालं, हरभरा वाचला.” माणसं हसली. ते वाक्य चांगलं होतं, हे मला तेव्हाही कळलं होतं. मला सुचलं असतं तर मीही सोडलं नसतं.

असो. वहिनींना नमस्कार. तातेरावाला लिहाल तेव्हा काकाचं बरं चाललं आहे, एवढंच लिहावं.

आपला धाकटा,
पुंजाराम

ता. क. सोबत जबाबी कार्ड जोडलं आहे. त्यावर तुमच्याकडच्या बाजूच्या झडपांची संख्या, जाळीची जागा आणि शिडी आहे की नाही, एवढं लिहून पाठवावं. मजकूर नको. ओरडूनही विचारता आलं असतं, पण नऊ वर्षांनी भावाशी पहिला शब्द बोलायचा आणि तो ‘झडपा किती’ असा, हे शेजाऱ्यांना बरं दिसलं नसतं.

आणखी ता. क. विचार करता कार्डानं भागणार नाही. मला स्वतः बघावं लागेल. तुमच्या तारेच्या कुंपणाला लागून दहा फूट पट्टी रेल्वेची आहे, ती तुमचं रान नव्हे, म्हणजे माझा शब्द मोडत नाही. हमीपत्र मोडतं, पण ते मी स्टेशन मास्तरांना दिलं आहे, तुम्हाला नाही. मी गुरुवारी पाचला त्या पट्टीवर उभा असेन. तुम्ही बघून न बघितल्यासारखं करावं, त्याची आपल्या दोघांना सवय आहे.

शेवटचा ता. क. तुमच्या डब्यातल्या तांबड्या विटा कुणी वापरत नसेल तर. माझ्या पहिल्या बाजूतच संपल्या. कडूबाला दाखवलेली दुसरी बाजू अर्धी पांढरी आहे. त्यानं भल्या मनानं नुसत्या झडपाच बघितल्या.

भाऊजी, हे खालचं मी लिहून राह्यले, केशर. पाकीट पोष्टात टाकलं न्हाई, मीच घेऊन आले. तुम्ही सोमवारी कॅलेंडरच्या मागं दुसऱ्या बाजूचं चित्र काढून दिल्तं, झडपा मोजून, शिडीसकट. ते मी ह्यांना दाखवलंच न्हाई. दाखवलं असतं तर घरी बसूनच झालं असतं त्यांचं. आता येऊन राह्यलेत तर चित्राचं बिलकुल बोलू नका. त्यांना मोजू द्या. अन् चुकले तरी लगेच सांगू नका, शुक्रवारी पुन्हा येतील.