धाकटीच्या दुरुस्त्या

सोमवार, ३ तारीख

आले एकदाची नव्या घरात. सामान थोडंच आहे म्हणता म्हणता अकरा खोकी निघाली. सात पुस्तकांची, एक नुसतं वाचकांच्या पत्रांचं, आणि उरलेल्या तिनांत माझा सगळा संसार. हमालांनी पत्रांचं खोकं उचललं तेव्हा यात दगड आहेत का, असं विचारलं. म्हटलं, उसासे आहेत, जपून न्या.

घर झकास आहे. वरचा मजला, दोन खोल्या, एक लांबट स्वयंपाकघर. लाकडी जिना थेट माझ्या दाराशी येऊन संपतो. खाली घरमालकीण राहते. शिवणकाम करते, त्यामुळे दिवसभर मशीनची घरघर. समोर चष्मेवाला, त्याच्या शेजारी बेकरी. लिहिण्याचं टेबल खिडकीशी लावलंय. मालकिणीनं काय काम करता म्हणून विचारलं. प्रेमकथा लिहिते म्हटल्यावर तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि मिस्टरही लिहितात का, असं विचारलं. मिस्टर नाहीतच, म्हणून तर वेळ मिळतो, असं सांगितलं. हसली. जमेल आमचं.

गेल्या महिन्यात तेविसावी कादंबरी बाजारात आली. चोविसावी अजून डोक्यातही नाही. हा मधला काळ मला सगळ्यात आवडतो. लोकांना वाटतं, मी खिडकीत बसून ढगांकडे बघत असते. मी खरं तर किटलीतला क्षार खरवडत असते.

बुधवार, ५

सकाळी पत्रांना उत्तरं. एका निवृत्त कंडक्टरनं कळवलंय की नव्या पुस्तकात नायिका चौदा वेळा रडते आणि त्यातली नऊ कारणं त्याला पटली नाहीत. एका बाईंना नायकाचा पत्ता हवाय. दोघांनाही प्रेमानं लिहिलं.

दुपारी एकला भाचीचा फोन. ती दातांची डॉक्टर आहे. जेवणाच्या सुट्टीत रोज फोन करते आणि रोज माझ्या अक्कलदाढेची चौकशी करते. तीस वर्षांची झाली, पण 'मावशी' अशी हाक मारली की मला अजून ती पाच वर्षांचीच दिसते. माझी धाकटी बहीण, म्हणजे तिची आई, गेली तेव्हा ही तेवढीच होती. वडील तिच्या जन्माआधीच गेलेले. मीच वाढवलं तिला.

संध्याकाळी प्रुफांचा गठ्ठा आला. माझ्या पहिल्याच, गाजलेल्या कादंबरीला पंचवीस वर्षं झाली, म्हणून प्रकाशक नवी आवृत्ती काढतोय. मी प्रुफं वाचायची आणि एक प्रस्तावना लिहायची: ही कथा मला कशी सुचली. दोन पानं पुरेत म्हणाला.

शनिवार, ८

प्रुफं वाचायला घेतली. पंचवीस वर्षांपूर्वी मला विशेषणांचे जुलाब झाले होते, असं दिसतं.

नवव्या पानावर गंमत. नायक-नायिकेची पहिली भेट, 'कोवळ्या उन्हात'. समासात कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय: त्या दिवशी ऊन नव्हतं. प्रेसमध्ये एक म्हातारे मुद्रितशोधक आहेत. शुद्धलेखनावरून सगळ्यांशी भांडतात म्हणून लोक त्यांना 'अनुस्वार' म्हणतात. म्हटलं, हे त्यांचंच काम. फोन लावला. ते दुखावलेच. आपण चाळीस वर्षं लाल शाईच वापरतो आणि लेखकाच्या हवामानात नाक खुपसत नाही, म्हणाले.

मग प्रेसमधल्या दुसऱ्या कुणाचा तरी चावटपणा असेल. खोडून टाकलं.

मंगळवार, ११

आज सतरा ठिकाणी. स्वेटर निळा नव्हता, राखाडी होता. तो डाव्या हातानं लिहायचा. स्टेशनवर मी रडले नव्हते, पुस्तकात तू रडवलंस.

गठ्ठा माझ्याच टेबलावर होता. काल संध्याकाळी या पानांचे समास कोरे होते. सकाळी मी बेकरीत गेले तेवढीच वीस मिनिटं घर बंद होतं.

अक्षर ओळखीचं आहे. 'श'ची गाठ इतकी मोठी काढणारी एकच व्यक्ती मला माहीत आहे.

इथं लिहायला हरकत नाही, ही वही कोण वाचणार. ती कथा मला सुचली नव्हती. ती धाकटीची होती. ती एका कचेरीत टायपिस्ट होती. तिथला नकाशे काढणारा माणूस तिच्यावर जीव टाकायचा, आणि ती त्याच्यावर. तो लग्न झालेला. एका दुपारी तिनं माझ्या मांडीवर डोकं ठेवून सगळं सांगितलं, त्याची पत्रं वाचून दाखवली आणि कुणाला सांगू नकोस म्हणून हात हातात घेतला. मी सांगितलं नाहीच कुणाला. लिहिलं.

बेचाळिसाव्या पानावर ती ओळ आहे: 'तू दारातून आत आलीस की माझ्या हातातल्या पेन्सिलीचं टोक मोडतं.' वाचक अजून ती पाठ म्हणून दाखवतात. तिच्या खाली पेन्सिलीनं इतक्या जोरानं लिहिलंय की कागद फाटलाय. हे त्यानं मला लिहिलं होतं, ताई. तुला नाही.

शुक्रवार, १४

दोन दिवस प्रुफांना हात लावला नाही. फ्रिज साफ केला, पुस्तकं लावली, चष्म्याचा नंबर तपासून घेतला. नंबर तोच आहे.

आज नेटानं प्रस्तावना लिहिली. 'ही कथा संपूर्ण काल्पनिक असून' अशी सुरुवात. दुपारी जरा पडले. उठून बघते तर ते वाक्य खोडलेलं, आणि कागद ओला. छत कोरडं, खिडकी बंद, ग्लास स्वयंपाकघरात.

खाली मालकिणीकडे गेले, वर कुणी आलं होतं का ते विचारायला. मशीन थांबवून तिनं अगदी सहज सांगितलं की माझी बहीण आली होती. परवाही आली होती. जिन्यात वरच्या पायरीवर बसते, राखाडी स्वेटर असतो, केस निथळत असतात. मालकिणीनं टॉवेल देऊ केला तर नको म्हणाली. वर जाऊन ताईला हाक मारा म्हटलं, तर म्हणाली, ताई लिहीत असेल, झालं की उघडेल. तुम्ही दार का उघडत नाही तिला, असं मालकिणीनं मलाच विचारलं. बहिणी-बहिणींची भांडणं आपल्याला कळतात, पण इतकं ताणू नये, म्हणाली.

मला बहीण होती, हे मी तिला कधीच सांगितलेलं नाही.

शनिवार, १५

जिना पुसला. वरच्या पायरीवर पाणी होतं. तळ्याच्या पाण्याला वास येतो तसा त्याला वास होता.

धाकटी तळ्यात गेली, आपणहून. लोकांना मी पाय घसरला म्हणून सांगितलं, आणि लेकराला तापानं गेली म्हणून.

भाचीला फोनवर यातलं काही बोलले नाही. आवाज का बसलाय, विचारत होती. दाढ दुखते म्हटलं.

सोमवार, १७

इतके दिवस भीती वाटत होती, तिचा आज राग झाला. सगळी प्रुफं फाडली. मोठ्या अक्षरात त्या तुकड्यांवर लिहिलं: नावं बदलली होती मी, गाव बदललं होतं, अजून काय करायचं होतं? तू मेल्यावरही तुझंच खरं करणार का? लहानपणापासून तुझंच खरं. गोरी तू, गाणारी तू, घरात येणारा प्रत्येक माणूस आधी तुझ्याकडे बघायचा. तुझा नवरा गेला तरी वर्षभरात दुसऱ्या कुणाची तरी पत्रं यायला लागली. मला अठ्ठावन्न वर्षांत तसलं एक पत्र आलं नाही. तेवीस पुस्तकं मी त्या एका पत्राच्या जिवावर लिहिली.

तुकडे केराच्या डब्यात टाकले. औषधं घेऊन परत आले तर गठ्ठा टेबलावर होता. अखंड. समास भरलेले. पानामागून पान एकच वाक्य:

पुस्तक त्याच्या घरी कुणी पाठवलं, ते लिही.

मंगळवार, १८

नाही लिहिणार.

मंगळवार, दुपारी

हात दुखतोय. पेन खाली ठेवता येत नाही. बरं. इथं लिहिते, म्हणजे संपेल.

मी पाठवलं. छापून आलेल्या पहिल्या दहा प्रतींतली एक. त्याच्या बायकोच्या नावानं, बेचाळिसाव्या पानात खूण घालून. त्याच्या बायकोला त्याचं अक्षर नाही, पण त्याची भाषा ओळखता आली. ती कचेरीत आली, सगळ्यांसमोर धाकटीला बोलली. नोकरी गेली. तो माणूस बदली मागून निघून गेला, एका ओळीचा निरोपही नाही. धाकटीला शेवटपर्यंत वाटत राहिलं की पुस्तक त्या बाईच्या हाती योगायोगानं पडलं. माझ्याच गळ्यात पडून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. आणि मला — खरं लिहायचं तर — बरं वाटत होतं.

लिहिलं. आता जा.

बुधवार, १९

प्रकाशकाचा फोन. आवाज भारावलेला. प्रस्तावना वाचून आपण रात्रभर झोपलो नाही, इतकं धाडस आजवर कुणी केलं नसेल, म्हणाला. मी म्हटलं, मी प्रस्तावना पाठवलेलीच नाही. तो हसला. त्यानं शेवटची ओळ वाचून दाखवली. 'आणि मला, खरं लिहायचं तर, बरं वाटत होतं.'

माझ्याच अक्षरात आहे म्हणतो.

छपाई थांबव म्हणून विनवलं. तो गोंधळला. काल संध्याकाळी तुम्हीच फोन केलात, म्हणाला. पहिली प्रत तयार झाली की कुरियरनं भाचीच्या दवाखान्यात पाठवा, असं बजावून सांगितलंत. बेचाळिसाव्या पानात खूण घालायला सांगितलीत. आवाज जरा बसलेला होता, पण तुमचाच होता.

रात्रीतून छापून बांधलेली एक प्रत सकाळीच गेली.

गुरुवार, २०

एक वाजला. फोन नाही.

दीड.

मी केला. उचलत नाही. दवाखान्यातली मुलगी म्हणाली, डॉक्टर पुस्तक वाचत बसल्यात, सगळे पेशंट परत पाठवलेत.

गुरुवार, चार वाजता

आला फोन. ओरडेल, रडेल असं वाटलं होतं. नाही. अगदी शांत. वाचलं म्हणाली. मी बोलायला लागले — लहान होतीस, तुला कसं सांगणार, तुझ्यासाठीच — तिनं मधेच तोडलं.

"मावशी, मला आईचा चेहरा आठवत नव्हता," ती म्हणाली. "आज आठवला. ती आलीय इथं. माझ्या खुर्चीत बसलीय."

मागून पाणी ठिबकल्याचा आवाज येत होता. दवाखान्यातला नळ असेल. नळच असेल.

उद्या आम्ही येतो, एवढंच म्हणाली.

आम्ही.

शुक्रवार, २१ — सकाळ

पळायचं ठरवलं. बॅग घेऊन जिन्यापर्यंत गेले. सगळ्या पायऱ्या ओल्या. पाय घसरला, कठडा धरला म्हणून वाचले. खालून मालकीण म्हणाली, जपून, असाच पाय घसरतो माणसाचा. तिच्या मशीनवर राखाडी लोकर — स्वेटर उसवलाय म्हणे बहिणीचा, शिवून देतेय.

परत वर. कडी लावली. टेबल दाराला लावलं. आता खिडकीशी जमिनीवर बसून —

शुक्रवार, अकरा

गाडी थांबली. भाची उतरली. एकटीच आहे. एकटीच. हातात पुस्तक. वर बघितलं तिनं. मी हात केला, तिनं नाही केला.

मालकिणीशी बोलतेय. मालकीण म्हणते — ऐकू येतंय — आई कधीचीच वर गेलीय तुझी.

जिन्यावर पावलं. तिचीच. ओळखते मी.

दार वाजतंय.

मी बोलणार नाही. श्वाससुद्धा —

तिनं हाक मारली. 'आई' म्हणाली. "आई, दार उघड." पंचवीस वर्षांत एकदाही तिनं मला आई म्हटलं नाही. ताप आला तरी मावशीच. आणि आज — सगळं वाचून — माफ केलं तिनं, माझ्या पोरीनं मला —

नाही.

'आई' मला नाही म्हणाली.

टेबल सरकतंय. मी इथं खिडकीशी आहे, आणि टेबल दारापासून — राखाडी बाही — पाणी माझ्या पायापर्यंत — कडीवर हात आहे, आतून, ती कडी काढत