गाडी चालू आहे

३ जून, सोमवार
निश्चय. जुनी स्टेशन वॅगन घ्यायची. थेट मालकाकडून, मधे दलाल नको. शनिवारी लेकीला हॉस्टेलवर सोडायचंय. गादी, पुस्तकं, सायकल, सगळं एका डिकीत. सहा तासांचा रस्ता, ती आणि मी. वर्षभरात आमचं बोलणं ‘वायफाय चालू आहे का’च्या पुढे गेलेलं नाही. लेक म्हणाली, बाबा, मी बसचं तिकीट काढलंय. म्हटलं, कॅन्सल होतं.

४ जून
चोवीस मुद्द्यांची चेकलिस्ट तयार. आता मला कोणी गंडवून दाखवावं! बायको म्हणाली, फ्रिज घेतानाही यादी केली होती. फ्रिजचा इथे काही संबंध नाही.

५ जून, सकाळी ९
मालक निवृत्त हेडमास्तर. बघताच विश्वास बसला. मुद्दा १: बॉनेटला हात लावणे, इंजिन थंड हवे. चांगलंच गरम होतं. उन्हाने. (गाडी शेडमध्ये होती. पण ऊन हल्ली कुठेही शिरतं.) मास्तर म्हणाले, तुमची खोटी नको म्हणून आधीच सुरू करून ठेवली. काय हा वक्तशीरपणा! गाडी उतारावर, तोंड खाली. निघायला सोपं पडतं म्हणे.
मुद्दे २ ते २४ राहिले. मास्तरांसमोर कागद काढायचा म्हणजे कॉपी करताना पकडल्यासारखं वाटतं. डिकी मात्र मोजली. सायकल मावते.

दुपारी ४
खात्रीसाठी ओळखीच्या गॅरेजवाल्याला पाठवलं होतं. फोनवर दोनच शब्द बोलला: चालू आहे. जाणकार माणूस कमीच बोलतो. सौदा पक्का.

६ जून
मास्तरांनी गाडी स्वतः दारात आणली. इंजिन बंद न करता सह्या घेतल्या, मग बंद करून किल्ली दिली आणि निघाले. या वयात काय झपाझप चालतात!

७ जून
सामान भरलं. लेक आपणहून पुढच्या सीटवर बसून आली. ‘बरी आहे’ म्हणाली. बरी! वाटेत बोलायचे अकरा विषय काढून ठेवलेत. तिकीट तिने अजून कॅन्सल केलेलं नाही. विसरली असेल.

८ जून, शनिवार, सकाळी ७
किल्ली फिरवली. खर्र. पुन्हा खर्र. शेजाऱ्यांनी ढकलली. आमची गल्ली मेली सपाट. गॅरेजवाल्याला फोनवर झापलं: चालू आहे म्हणालास ना? तो म्हणाला, अहो साहेब, मालक चालू आहे म्हणालो! गाडी तर त्याने मला सुरूसुद्धा करू दिली नाही.

सकाळी ८
लेक एक बॅग घेऊन बस पकडायला गेली. जाताना काचेवर टकटक करून काहीतरी म्हणाली. काच उतरेना. दार उघडून बाहेर येईपर्यंत ती कोपऱ्यावर पोचली होती.

९ जून, रविवार
डिकीत, तिच्या गादीवर पडून लिहितोय. लेकीचा फोन आला होता. पोचली. गादीविना पाठ दुखतेय. काल काचेपलीकडून काय म्हणालीस, एवढंच विचारायचं होतं मला.
विचारलं काय, तर तिथे वायफाय चालू आहे का.