आठजण आणि दोघी

प्रिय बाबांना आणि आईला लेकीचा शलोम,

माझा खोकला गेला. खोलीला पडदेही लावलेत. आईला म्हणावं, काळजी करू नकोस.

काल आमच्या ज्यू हक्क समितीने खटला जिंकला. बस डेपोतल्या आपल्या ड्रायव्हरला शब्बाथसाठी शनिवारची सुट्टी मिळाली. आमच्या वकीलबाईंनी त्याच अर्जात मुसलमान ड्रायव्हरांना शुक्रवारच्या नमाजासाठी वेळही मागितला होता. मी विचारलं, "त्यांचं आपण कशाला?" चष्मा पुसत म्हणाल्या, "आपल्यापुरतं मागितलं, तर साहेब मेहरबानी म्हणून देतो आणि लहर फिरली की काढून घेतो."

निकालानंतर आम्ही ऑफिसच्या खालच्या प्रार्थनाघरात गेलो. ड्रायव्हरला नुकत्याच वारलेल्या आईसाठी कद्दीशची प्रार्थना म्हणायची होती. प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष भरतात का, ते मी सवयीने मोजलं. आठ भरले. म्हटलं, "दहाला दोन कमी आहेत, कोणाला तरी बोलावून आणते."

वकीलबाई म्हणाल्या, "कमी कसे? मी आहे, तू आहेस."

ड्रायव्हरने माझ्याकडे बघून होकारार्थी मान हलवली आणि पुस्तक उघडलं. बाबा, मी त्यांच्या ओळीत जाऊन उभी राहिले. लहानपणापासून मागून म्हणत आलेलं आमेन तिथून म्हटलं. माझ्यावाचून ती प्रार्थना झाली नसती.

तुम्ही लिहिलंत की आपल्या प्रार्थनाघरातही आता आठच पुरुष जमतात, आणि दहा भरत नाहीत म्हणून तोराची पोथी बाहेर न काढताच सगळे घरी जातात. आई आणि आत्या अजून मागच्या बाकावर बसतात ना?

रागावू नका. पण या शनिवारी एकदा मागे वळून मोजा.

तुमची,
धाकटी